इंग्रजी व्याकरणाचा उच्च अभ्यास : मुंबईतील एक जुनी परंपरा

गतवर्षी आपल्या मंडळाच्या शिक्षणनिधी उपसमितीची सभा भरली असता एका अर्जावर बराच खल झाला. अर्ज रे रोड येथील आपल्याच एका ज्ञातिबंधूंच्या कन्येचा होता. ही मुलगी इंग्रजी विषय घेऊन बी. ए. झाली असून पुढे भाषाविज्ञान घेऊन एम. ए. करावे व त्यात इंग्रजी व्याकरणाचा विशेष अभ्यास करावा, असा तिचा मानस आहे. सभेतील एका वडीलधाऱ्या सभासदांनी प्रश्न केला, "व्याकरण तर आम्ही शाळेतच संपविले. ते कॉलेजात जाऊन आणखी काय शिकायचे? आणि त्याकरिता निधीतून पैसे का द्यायचे?" प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात कसलीही अढी नव्हती. वाणिज्य, अभियांत्रिकी, वैद्यकी यांचा उपयोग डोळ्यांना दिसतो. व्याकरणाचा तसा दिसत नाही. मी त्या सभेस हजर होतो, परंतु त्या क्षणी मला नीट उत्तर सुचले नाही आणि अर्ज पुढील सभेवर ढकलण्यात आला.

मी स्वतः जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढे अध्यापनाची पदविका घेऊन प्राथमिक शाळेत सारी हयात घालविली. कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. तेव्हा या विषयावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी योग्यता नाही, हे प्रथमच सांगून ठेवतो. परंतु निवृत्तीनंतर हाती वेळ असल्याने त्या प्रश्नाचा माग काढीत मी जे काही वाचले, त्यावरून एवढे दिसून आले की, इंग्रजी व्याकरणाचा वरच्या पायरीवरचा अभ्यास ही आजकालची टूम नसून आपल्या मुंबईत ती जवळजवळ दोनशे वर्षांची जुनी गोष्ट आहे. त्या गोष्टीत गमतीचा भाग असा की, तिच्यातील बहुतेक मोठी माणसे कोणत्या ना कोणत्या अर्थाने परकी होती.

आरंभ आपल्या स्टेशनापासूनच करू. १२ डिसेंबर १९१० रोजी कुर्ल्याहून रे रोडपर्यंत हार्बर मार्गाची गाडी सुरू झाली. पुढे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी धावली, ती याच मार्गाने. एका बाजूस दारूखाना, लोखंडाची गोदामे व पोर्ट ट्रस्टची जागा आणि दुसऱ्या बाजूस चाळी, अशा या वस्तीत आपल्या समाजाची कित्येक कुटुंबे तीन-तीन पिढ्या राहिली. रोज 'रे रोड, रे रोड' म्हणताना हे रे कोण, याची चौकशी आपल्यापैकी फारच थोड्यांनी केली असेल. मीही साठी उलटेपर्यंत केली नव्हती.

हे गृहस्थ म्हणजे डोनाल्ड जेम्स मॅके, अकरावे लॉर्ड रे. १८८५ ते १८९० या काळात ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. आडनाव स्कॉटिश, परंतु जन्म १८३९ साली हॉलंडमधील हेग शहरी झाला, शिक्षण तेथील लायडन विद्यापीठात झाले, आणि काही वर्षे ते डच प्रतिनिधिगृहाचे सभासददेखील होते. इंग्लंडचे नागरिकत्व त्यांनी घेतले ते १८७७ मध्ये, म्हणजे वयाच्या अडतिसाव्या वर्षाच्या सुमारास. शिक्षणाविषयी त्यांना मनापासून आस्था होती. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ मध्ये स्थापन झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. विलायतेस परतल्यावर ते लंडनच्या शालेय मंडळाचे अध्यक्ष झाले. आणि १९०२ मध्ये ब्रिटिश अकॅडमी ही विद्वानांची सर्वश्रेष्ठ संस्था निघाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद या हॉलंडात जन्मलेल्या गृहस्थांकडे आले. बाहेरून आलेल्या माणसाने इंग्रजी विद्येच्या मध्यभागी बसावे, याचे हे एक उदाहरण झाले. व्याकरणाच्या इतिहासात अशी उदाहरणे पावलोपावली भेटतात.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर छापलेले पहिले व्याकरण कोणी लिहिले? फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रजाने. क्रिस्तपुराणाचा कर्ता म्हणून आपण त्यांना ओळखतो. १५७९ मध्ये ते गोव्यास आले, १६१९ मध्ये वारले. त्यांनी रचिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये सासष्टीतील रायतूर येथे छापले गेले. लेखक इंग्रज, ग्रंथाची भाषा पोर्तुगीज आणि विषय कोकणी! ज्याने ती बोली आईच्या मांडीवर ऐकली नाही, त्यालाच तिचे नियम शोधावे लागले. ज्यांची ती मातृभाषा होती, त्यांना त्याची गरजच पडली नव्हती.

इंग्रजी व्याकरणाची कथाही अशीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्या एका पुस्तकाने जगभर राज्य केले ते लिंडले मरे यांचे. हे मरेसाहेब जन्माने अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाचे, धंद्याने वकील. प्रकृती ढासळल्यामुळे ते इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिले. स्नायूंच्या दुखण्याने त्यांचे हिंडणेफिरणे बंद झाले होते. यॉर्कमध्ये क्वेकर पंथाची मुलींची एक शाळा होती. त्या मुलींना शिकविण्यास सोयीचे व्हावे म्हणून त्यांनी १७९५ मध्ये आपले व्याकरण प्रसिद्ध केले. एका आजारी माणसाने एका लहानशा मुलींच्या शाळेकरिता केलेले ते पुस्तक जहाजातून मुंबईस आले, आणि त्याने आपल्या मराठीलाही वळण लाविले. ते कसे, हे जरा विस्ताराने सांगतो, कारण माझ्या मते या सर्व हकिगतीचा गाभा तोच आहे.

मुंबईत एल्फिन्स्टनसाहेबांच्या नावाने जमलेल्या निधीतून १८३४-३५ च्या सुमारास उच्च शिक्षणाचे वर्ग सुरू झाले. ऑर्लेबार व हार्कनेस हे युरोपियन प्राध्यापक, आणि त्यांच्या जोडीस आपले बाळशास्त्री जांभेकर. पोंभुर्ल्याच्या या तरुणाने १८३२ मध्ये 'दर्पण' काढले. त्यात एका रकान्यात मराठी व शेजारच्या रकान्यात इंग्रजी असा मजकूर असे. दोन भाषा अशा शेजारी-शेजारी बसल्या की, त्यांच्यातील साम्य व भेद डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही. त्याच मुंबईत, त्याच शिक्षणमंडळाच्या शाळेत शिकलेले दादोबा पांडुरंग तर्खडकर हे दुसरे तरुण. घराणे मूळचे वसईजवळील तर्खड गावचे, जन्म १८१४ चा. वयाची बाविशी उलटते न उलटते तोच, १८३६ मध्ये, त्यांचे मराठीचे व्याकरण प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास गंगाधरशास्त्री फडके यांचेही व्याकरण निघाले होते. परंतु दादोबांचे टिकले, वाढले, शाळाशाळांतून गेले, आणि लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले.

दादोबांनी नमुना म्हणून समोर ठेविले होते ते मरेसाहेबांचे इंग्रजी व्याकरण. संस्कृत परंपरेत शब्दांच्या जाती चार : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आपण शाळेत काय घोकले? नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. या आठ जाती संस्कृतातून आलेल्या नाहीत. हा साचा इंग्रजी व्याकरणाचा आहे. खेड्यातील ज्या मुलाने इंग्रजी अक्षरही पाहिलेले नाही, तोसुद्धा मराठीच्या तासाला नकळत इंग्रजी व्याकरणाचीच मांडणी शिकत असतो. मी स्वतः वर्षानुवर्षे मुलांकडून या आठ जाती म्हणून घेतल्या. त्या कोठून आल्या हे मला ठाऊक नव्हते.

मात्र त्यांनी डोळे मिटून नक्कल केली असे कोणी समजू नये. इंग्रजीत 'ऑन द टेबल' म्हणताना 'ऑन' हा शब्द आधी येतो, म्हणून त्या जातीचे इंग्रजी नावच 'आधी ठेवलेला' अशा अर्थाचे आहे. मराठीत 'टेबलावर', 'झाडाखाली', 'घरापुढे' : येथे तो शब्द मागून येतो, आणि येताना आधीच्या शब्दाचे रूपही बदलावयास लावतो. इंग्रजी नावाचे शब्दशः भाषांतर केले असते तर ते हास्यास्पद ठरले असते. म्हणून 'शब्दयोगी' हे नाव किती समर्पक आहे पाहा! आधी की मागून, हा वादच त्यात नाही. शब्दाशी योग पावतो एवढेच ते सांगते. तसेच इंग्रजीतील 'द' आणि 'अ' यांना मराठीत जागाच नव्हती, तेव्हा ती जात गळाली. ज्याने दुसऱ्या भाषेचे व्याकरण मुळापासून जाणले आहे, त्यालाच कोणता साचा ठेवावा व कोणता मोडावा हे कळते. अर्थात दादोबांच्या मांडणीवर पुढे टीका पुष्कळ झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी तीवर निबंध लिहिले. मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये आपले प्रचंड 'शास्त्रीय मराठी व्याकरण' सिद्ध केले. आणि १९६४ मध्ये अरविंद मंगरूळकरांनी तर मराठी व्याकरणाचा पुनर्विचारच व्हावा असे प्रतिपादिले. तथापि ज्या इमारतीची डागडुजी करण्यास इतके विद्वान झटले, ती मूळची भक्कमच असली पाहिजे.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ मध्ये पहिले पदवीधर बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकीच. भांडारकरांनी १८७७ मध्ये या विद्यापीठात विल्सन यांच्या नावाची भाषाशास्त्रविषयक व्याख्याने दिली. संस्कृतपासून प्राकृत व प्राकृतापासून आजच्या देशभाषा कशा निघाल्या, याचे विवेचन त्यांत आहे. इंग्रजी शिक्षणातून तयार झालेला आपल्यातला पहिल्या पिढीचा पदवीधर आपल्याच भाषांचे व्याकरण जगासमोर मांडीत होता. परंतु एकंदरीत पाहता विद्यापीठातील इंग्रजीचा ओढा व्याकरणाकडून काव्य-नाटकांकडे वळला. एल्फिन्स्टन कॉलेजचे एक नामांकित प्राचार्य विल्यम वर्ड्सवर्थ हे तर कवी वर्ड्सवर्थ यांचे प्रत्यक्ष नातू. अशा गुरूंपाशी शिकणाऱ्यांना शेक्सपियर-मिल्टनची गोडी लागली तर नवल ते काय? ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी हा स्वतंत्र पदवीविषय १८९४ मध्ये झाला. मुंबईचे विद्यार्थी त्यापूर्वी कित्येक वर्षे इंग्रजी ग्रंथांवर परीक्षा देत होते. साहित्य कॉलेजात राहिले आणि व्याकरण खाली शाळेत उतरले. 'व्याकरण शाळेत संपते' ही समजूत रूढ झाली ती अशी.

शाळेत उतरलेले हे व्याकरण मात्र चाळीचाळींत पोहोचले. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची भाषांतर पाठमाला ठाऊक नाही असे मराठी घर त्या काळी विरळाच. (आडनाव एकच असल्यामुळे ती दादोबांची असे पुष्कळांना वाटते, ते बरोबर नाही.) तिच्या जोडीस नेसफील्डसाहेबांची पुस्तके. हे गृहस्थ उत्तरेकडे अवध प्रांतात शिक्षणखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. आणि त्यानंतर रेन व मार्टिन. यांपैकी पी. सी. रेन हे आपल्या मुंबई इलाख्याच्याच शिक्षणखात्यात नोकरीस होते. पुढे १९२४ मध्ये त्यांनी फ्रेंचांच्या परदेशी पलटणीवर 'ब्यू जेस्ट' ही कादंबरी लिहून नाव मिळविले. त्यांचे ते लाल पुठ्ठ्याचे व्याकरण मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशकांनी काढले. म्हणजे देशभर घोकले गेलेले इंग्रजी व्याकरण मुळात मुंबईचेच म्हणावयाचे.

या ठिकाणी एक घरगुती हकिगत सांगण्याचा मोह आवरत नाही. आमचे तीर्थरूप गोदीत माल मोजून घेणारे टॅली क्लार्क होते. शिक्षण बेताचेच, इंग्रजी कामापुरते. १९५६-५७ च्या सुमाराची गोष्ट. माझा जन्म तेव्हा व्हावयाचा होता. एके दिवशी टोळीच्या मुकादमाने त्यांना सांगितले की, मी उद्या येणार नाही. ही गोष्ट साहेबांना कळविणे तीर्थरूपांचे काम. त्यांनी नोंदवहीत इंग्रजीत लिहिले, "मुकादम सेड दॅट आय विल नॉट कम टुमारो." मराठीत 'मुकादम म्हणाला की मी उद्या येणार नाही' हे वाक्य निर्दोष आहे. बोलणाऱ्याचे शब्द आपण जसेच्या तसे ठेवतो, आणि 'मी' म्हणजे मुकादम हे लहान पोरासही समजते. इंग्रजीत मात्र 'दॅट' आले की सर्वनाम बदलते, काळ बदलतो, 'उद्या'सुद्धा बदलतो. साहेबांनी वाचले ते असे की, हा कारकूनच उद्या येणार नाही. दुसऱ्या दिवशी तीर्थरूप कामावर गेले तो त्यांच्या जागी बदली माणूस उभा! मुकादमाच्या जागी कोणीच नाही, टोळी खोळंबलेली, आणि दोष सगळा यांच्या माथी. दोन दिवसांचा पगार बुडाला. एका सर्वनामाची ही किंमत. ज्या घरात महिन्याचा हिशेब आण्यांत होत असे, तेथे दोन दिवसांचा पगार म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको.

त्या आठवड्यात त्यांनी फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून तर्खडकरांची जुनी पाठमाला विकत आणली. पुढे पाळी संपवून आल्यावर ते रात्री दिव्यापाशी बसून वाक्ये फिरवीत. आमची आई म्हणे, "हे दुसऱ्याचे बोलणे बदलून लिहायचे पाप तुम्हीच करा." मोठा झाल्यावर त्यांनी मला प्रथम शिकविला तो अप्रत्यक्ष कथनाचाच धडा. परंतु मराठीत 'मी' का बदलत नाही आणि इंग्रजीत का बदलतो, हे मी विचारले असता त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. पाठमालेतही नव्हते. मी मास्तर झालो, तरी माझ्यापाशीही नव्हते. शाळेचे व्याकरण 'असे लिहा' एवढे सांगते. 'असे का' हा प्रश्न वरच्या वर्गाचा आहे.

तो प्रश्न युरोपात कोणी धरून ठेवला, हे वाचताना मला विशेष आनंद झाला. हेन्ड्रिक पाउट्स्मा हे हॉलंडमधील ॲम्स्टरडॅमचे शाळामास्तर. त्यांनी १९०४ ते १९२९ या काळात इंग्रजीचे अनेक खंडांचे व्याकरण लिहिले. शाळेत शिकवून उरलेल्या वेळात हजारो इंग्रजी पुस्तकांतील व पत्रांतील वाक्ये टिपून ठेवावी आणि त्यांवरून नियम बांधावे, असा त्यांचा परिपाठ. त्यांचेच देशबांधव क्राउझिंगा यांनीही असेच मोठे काम केले. डेन्मार्कचे ओटो येस्पर्सन यांचे सात खंडांचे व्याकरण १९०९ मध्ये सुरू झाले व शेवटचा खंड त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये निघाला. इंग्रजी ज्यांची जन्मभाषा नव्हे, अशा या डच व डेन मंडळींनी इंग्रजांना त्यांची भाषा उलगडून दाखविली. इंग्लंडात रँडॉल्फ क्वर्क यांनी १९५९ पासून प्रत्यक्ष बोलली व लिहिली जाणारी इंग्रजी वाक्ये पद्धतशीर जमविण्यास आरंभ केला, आणि १९८५ मध्ये त्यांचे व सहकाऱ्यांचे सतराशेहून अधिक पानांचे व्याकरण बाहेर पडले. त्यांच्या चार कर्त्यांपैकी एक, यान स्वार्टविक, हे स्वीडनचे. हॉलंडात जन्मलेल्या लॉर्ड रे यांच्या नावाच्या स्टेशनावर उतरणाऱ्या मुलीने इंग्रजीचे व्याकरण शिकावयाचे म्हटले, तर त्यात विपरीत असे काहीच नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न पुन्हा कॉलेजात आला. १९५८ मध्ये हैदराबादेस इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली. सांगलीचे विलिंग्डन व कोल्हापूरचे राजाराम कॉलेज यांचे प्राचार्य राहिलेले कन्नड कवी वि. कृ. गोकाक तिचे संचालक झाले. परंतु मला सर्वांत अभिमानाची वाटते ती गोष्ट घडली कोल्हापुरास. तेथील शिवाजी विद्यापीठात प्राध्यापक एस. व्ही. शास्त्री यांनी भारतीयांच्या इंग्रजीचा एक संग्रह सिद्ध केला. जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांत तो 'कोल्हापूर कॉर्पस' या नावाने ओळखला जातो.

हे काम काय होते ते समजून घेण्याजोगे आहे. १९७८ या एकाच वर्षी भारतात छापलेले इंग्रजी लेखन घ्यावयाचे. वृत्तपत्रे, धार्मिक पुस्तके, सरकारी अहवाल, शास्त्रीय लेख, कथा-कादंबऱ्या अशा नाना प्रकारच्या मजकुरातून सुमारे दोन-दोन हजार शब्दांचे पाचशे उतारे निवडावयाचे. एकूण शब्द झाले दहा लाख. ते सर्व संगणकावर चढवावयाचे, तेही अशा काळी की, जेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी संगणक चित्रातच पाहिला होता. १९८६ मध्ये हा संग्रह अभ्यासकांच्या हाती आला. अमेरिकन इंग्रजीचा असाच संग्रह तेथील ब्राऊन विद्यापीठाने आधी केला होता. ब्रिटिश इंग्रजीचा संग्रह लँकेस्टरने नॉर्वेतील ऑस्लो व बर्गेनच्या साहाय्याने केला. त्या दोहोंच्या पंक्तीस तिसरे पान मांडले गेले ते कोल्हापूरचे. त्यापूर्वी भारतीय माणूस इंग्रजी लिहिताना वेगळे वळण घेई, तेव्हा 'ही चूक' एवढाच शेरा मिळे. आता कोणते वळण किती वेळा, कोणत्या प्रकारच्या लेखनात येते, हे मोजून सांगता येऊ लागले. चूक कोणती आणि आपल्या देशात रुळलेली रीत कोणती, हा निवाडा मोजमापाशिवाय कसा व्हावा? शाळेत लाल शाईने किती वह्या मी अशा रंगविल्या, याची आठवण होऊन मी काहीसा वरमलो.

मुंबई विद्यापीठानेही तृतीय वर्ष कलाशाखेच्या इंग्रजीत व्याकरण व लेखनकला अशी स्वतंत्र प्रश्नपत्रिका ठेविली. आपली ही मुलगी त्याच मार्गाने या विषयाकडे वळली. गेल्या दिवाळीत ती आमच्या घरी आली असता मी मुद्दाम विचारले, "बाळ, कॉलेजात व्याकरण वेगळे ते काय?" ती म्हणाली, "गुरुजी, इंग्रजीत काळ किती?" मी तत्परतेने बारा सांगितले. ती हसली नाही, हा तिचा विनय. तिने मला समजावून दिले की, क्रियापदाच्या रूपावरूनच पाहिले तर इंग्रजीत काळ दोनच, वर्तमान व भूत. भविष्य दाखवावयास 'विल' हे सहाय्यकारी क्रियापद लागते; मराठीत 'करीन', 'जाईल' असे क्रियापदच बदलते, तसे तेथे होत नाही. बाकीचे सारे जोडकाम. बारा काळांचे कोष्टक मी निदान तीस वर्षे फळ्यावर लिहिले होते.

मग तिने 'रामाने आंबा खाल्ला' हे वाक्य घेतले. आमच्या शाळेत मुले याचे इंग्रजी 'द मँगो वॉज ईटन बाय राम' असे करीत, कारण मराठीत हा कर्मणी प्रयोग असे आम्हीच शिकविले होते. इंग्रज तेथे सरळ 'राम एट अ मँगो' म्हणेल. मग मराठी वाक्य खरोखर कर्मणी म्हणावे काय? 'रामाने चिंच खाल्ली' म्हटले की क्रियापद चिंचेप्रमाणे फिरते, रामाप्रमाणे नाही; तरीही वाक्याचा धनी रामच. ती म्हणाली की, अशी रचना युरोपात बास्क भाषेत व कॉकेशसकडे जॉर्जियन भाषेतही सापडते, आणि भाषाविज्ञानात तिला निराळे नाव आहे. इंग्रजीची बारकाईने तपासणी केल्यावरच आपल्या मराठीतील ही गोष्ट तिच्या नजरेस आली. १८३६ मध्ये दादोबांच्या बाबतीत झाले ते हेच. पुण्याचे डॉ. अशोक केळकर (१९२९-२०१४) यांचीही वाट काहीशी अशीच. ते मूळचे इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात भाषाविज्ञानाकडे वळले आणि तेथे प्रबंध लिहिला तो मराठीच्या वर्णव्यवस्थेवर व रूपव्यवस्थेवर.

शेवटी मी तिला तीर्थरूपांच्या नोंदवहीतले ते वाक्य सांगितले. ती एकदम सरसावून बसली. मराठीत 'की' नंतर बोलणाऱ्याचा 'मी' तसाच का राहतो, हाच विषय तिला एम. ए. च्या प्रबंधासाठी घ्यावयाचा आहे, हे मला तेव्हा कळले. तिने ते वाक्य आपल्या वहीत उतरून घेतले व खाली 'गोदी, मुंबई, १९५६-५७' अशी टीप लिहिली. नोंदवही आता कोठून मिळणार? माळ्यावर तर्खडकरांची ती पाठमाला मात्र होती. कडा वाळवीने खाल्लेल्या, पहिले पान गेलेले. परंतु अप्रत्यक्ष कथनाच्या धड्यापाशी तीर्थरूपांच्या पेन्सिलीच्या खुणा शाबूत आहेत. ती मी तिच्या स्वाधीन केली.

निधीची नियमावली मी पुन्हा एकदा पहिल्या पानापासून वाचून पाहिली. विद्यार्थी ज्ञातीतील असावा, उत्पन्नाची मर्यादा पाळलेली असावी आणि शिक्षण पदवीपुढील असावे, एवढ्याच अटी तीत आहेत. विषयाचे बंधन कोठेही लिहिलेले नाही. मुलीचे वडील दारूखान्यात लोखंडाच्या एका गोदामात वजनकाट्यावर आहेत, आणि धाकट्या दोघा भावंडांची शिक्षणे व्हावयाची आहेत. प्रवेशाचे शुल्क जूनअखेर भरावयाचे असते. अर्ज मंडळाच्या कार्यालयात आहे व तो येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी उपसमितीपुढे पुन्हा यावयाचा आहे. त्या सभेस ज्या सभासद बंधुभगिनींना येणे शक्य असेल, त्यांनी अवश्य यावे. त्या मुलीसही बोलाविले आहे; ज्यांना काही विचारावयाचे असेल त्यांनी ते तिलाच विचारावे.